भिंतीत गेलेला खांब

सिएनी बसमधून उतरली आणि आपलं घर कुठे गेलं हेच तिला कळेना.

रस्ता तोच होता. नीरफणसाचं झाड जागेवर होतं, अंगणात नवऱ्याचं थडगं होतं, थडग्यावरचं चार खांबांचं छप्पर होतं. घराच्या जागी मात्र पांढऱ्या प्लायवूडची एक लांबलचक पेटी उभी होती. पेटीला दार होतं, दाराला कडी होती, आणि कडीला हात लावून तिचा एकुलता एक मुलगा फेरेती दात काढून हसत होता.

"डोळे मीट आई, डोळे मीट!"

"मिटलेच होते रे," सिएनी म्हणाली. "दहा दिवस बहिणीकडे काय गेले, तेवढ्यात हे उगवलं."

बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती बोटीने पलीकडच्या बेटावर गेली होती. जाताना घर जसं असावं तसं होतं. चौदा खांब, वर पत्र्याचं छप्पर, आणि भिंत एकही नाही. आमच्या सावाई बेटावर ज्याला घर म्हणतात ते असंच असतं. पाऊस आला की त्या बाजूचा झावळ्यांचा झाप सोडायचा, गेला की वर गुंडाळायचा. रस्त्याने जाणारा दिसला की आतूनच हाक मारायची, "या, जेवायला या!" तो "नको, पोट भरलंय" म्हणत पुढे जातो, आणि दोघांचंही समाधान होतं. भिंत असली तर हाक कुणाला मारणार?

या घरात समुद्राकडच्या तिसऱ्या आणि चौथ्या खांबांमधली जागा सिएनीची. ती एका दिवसात झाली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा ती चटई विणायला मधोमध बसायची, तिथे उजेड कमी. मग पूर्वेला सरकली, तिथे उन्हाने पात्या कडक होऊन मोडायला लागल्या. असं करत करत सात-आठ वर्षांनी ही जागा सापडली. खाली समुद्रकाठचे गोल खडे, त्यावर जाड चटई, त्यावर मऊ चटई. सकाळी पूर्वेचा झाप खांद्यापर्यंत सोडायचा. दुपारी वारा फिरला की तो वर आणि समुद्राकडचा अर्धा खाली. उजव्या हाताला पाण्याची करवंटी, डाव्या हाताला विणलेला भाग दाबून ठेवायला दोन काळे दगड. खड्यांमधून गारवा वर येतो, घाम टिपला जातो, मांडी घालून दिवसभर बसलं तरी ढुंगणाला मुंग्या येत नाहीत. गावातल्या बायका म्हणायच्या, सिएनीच्या जागेवर बसलं तर माकडसुद्धा विणेल.

विणायची कसली, तर इए तोंगा. म्हणजे केतकीच्या पातीची ती बारीक चटई, जी बसायला नसते, मानाला असते. लग्नात, मयतात, मानकरी नेमताना ती पुढे येते आणि मगच माणसं बोलायला लागतात. पाती समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून, दोऱ्याइतकी बारीक चिरायची, आणि दिवसाला दोन बोटं विणायची. सिएनी हातातली ही चटई अकरा महिने विणत होती, आणि ती होती याच फेरेतीसाठी. तिचा नवरा इओआने हा लेआवासा घराण्याचा मानकरी. तो दोन वर्षांपूर्वी गेला. घराण्याने ठरवलं की मान मुलाला द्यायचा. एकोणीस वर्षं ऑकलंडमध्ये दुकानांच्या आतली सजावट करणारा मुलगा त्यासाठीच घरी आला होता. समारंभाला पाच आठवडे होते आणि चटई तीन विती बाकी होती. चटई नाही तर समारंभ नाही, हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल.

"आत ये ना," फेरेती म्हणाला. "तुझ्या कामाची खोली केलीय."

सिएनी आत गेली. आत ट्यूबलाइट होती. खिडक्यांना काचेच्या पट्ट्या होत्या. गुळगुळीत सिमेंटच्या जमिनीवर एक टेबल होतं, आणि टेबलाला लावून एक काळी, पाठीला उंच, खाली पाच चाकं असलेली खुर्ची होती. कंटेनरमधून आली होती. प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं.

"तुझ्या पाठीसाठी," फेरेती म्हणाला. "तिकडे आम्हाला शिकवतात. जमिनीवर वाकून काम करायचं नाही. कमरेला आधार हवा, कोपर काटकोनात हवं. आता डास नाहीत, धूळ नाही, डुकरं आत येणार नाहीत. बस तरी!"

"खडे कुठेत?"

"खाली आहेत ना. त्यांच्यावरच सिमेंट ओतलंय. पाया पक्का झाला."

ते खडे इओआनेने आणले होते. गावच्या ओढ्याच्या तोंडाशी ओहोटीला जाऊन, पाण्याने गोल झालेले तेवढेच वेचून, खांद्यावरच्या टोपलीतून, वर्षानुवर्षं. चपटा निघाला तर फेकून द्यायचा, तिच्या मांडीला टोचेल म्हणून.

"एकदा बाप पुरला," सिएनी म्हणाली, "आता त्याचे खडेही पुरलेस होय रे?"

फेरेती हसला. आईला धक्का बसलाय, होईल सवय, असं त्याला वाटलं. हे तिकडून येणारे सगळे असेच. विमानातून उतरताना डोक्यात दोन गोष्टी घेऊन उतरतात, एक म्हणजे आपलं घर, आणि दुसरी म्हणजे ते घर कसं सुधारायचं. दोन पायांवर उभं राहता येत नव्हतं तेव्हा जो याच खड्यांवर लोळला, तो आता आईला बसायला शिकवत होता.

सिएनी अन्यायी नव्हती. तिने करून पाहिलं. शेजारच्या लांगीकडे ठेवलेली चटई तिने परत आणली, टेबलावर पसरली आणि खुर्चीवर बसली. खुर्ची मागे सरकली. ती पुढे आली, खुर्ची पुन्हा मागे गेली. दुपारपर्यंत सिएनी त्या खोलीत दोन वेळा दारापर्यंत पोचली होती.

मग लांगी मदतीला आली. लांगी तिच्याबरोबर तीस वर्षं विणत होती. ती रिवाजाप्रमाणे जमिनीवर बसली आणि वर पाहून म्हणाली, "बाई, तू तर फारच उंचावर गेलीस. मी आता रांगत रांगत येऊ का?" आमच्यात बसलेल्या माणसापेक्षा उंच राहणं म्हणजे उर्मटपणा. सिएनी शरमेने लाल झाली आणि खाली सिमेंटवर बसली. ते सिमेंट गरम होतं. पत्रा तापला, भिंती तापल्या, काचेच्या पट्ट्यांमधून वारा येतो म्हणे, तो आलाच नाही. फेरेतीने पंखा लावून दिला तर पात्या वाळून कटाकटा मोडायला लागल्या. पंखा बंद केला तर घामाच्या धारा.

तिसऱ्या दिवशी लांगीचे हात थांबले. मग तिने बोटाने दाखवलं. पांढऱ्याशुभ्र विणीवर नखाएवढा पिवळा डाग पडला होता. सिएनीच्या मनगटावरून ओघळलेल्या घामाचा.

केतकीवरचा घामाचा डाग जात नाही. सिएनीने सात बोटांची वीण उसवली. चार दिवसांचं काम गेलं. उसवताना ती एक शब्द बोलली नाही, आणि लांगीने हळूच आपली पिशवी जवळ ओढली, कारण सिएनी गप्प झाली की जवळपासच्यांनी उठून जावं हे गावाला ठाऊक होतं.

"फेरेती!"

तो हातात रंगाचा ब्रश घेऊन आला.

"हे घर तू कुणासाठी बांधलंस?"

"तुझ्यासाठी, आई."

"मला विचारलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग कळलं होतं ना तुला! मी नको म्हणणार हे कळलं होतं, म्हणून मी बोटीवर चढायची वाट बघितलीस! एकोणीस वर्षं लोकांच्या भिंती ठोकून तुझ्या डोक्याचंही प्लायवूड झालं. रस्त्यावरून कोण गेलं, कोण मेलं, पाऊस कुठून येतोय, मला काही दिसत नाही. काल लांगीच्या नातीने भाजलेला नीरफणस आणला आणि माणूस दिसेना म्हणून परत गेली. मी अजून जिवंत आहे रे!"

"आई, घर आहेच ना आत. सगळे खांब आहेत, खडे आहेत, मी फक्त..."

"मीही आहे ना आत! मलाही वरून रंग मार!"

तिने चटई गुंडाळली, दोन काळे दगड ओच्यात घेतले, करवंटी घेतली आणि ती तडक अंगणात जाऊन नवऱ्याच्या थडग्यावर चढून बसली.

घरच्या थडग्यावर बसणं आमच्याकडे नवं नाही. आपली माणसं अंगणातच असतात, दुपारी पोरं त्यांच्यावर झोपतात, कपडेसुद्धा वाळत पडतात. पण काम घेऊन कुणी बसत नाही. सिएनी बसली. आणि खरं सांगायचं तर जागा नामी होती. वर छप्पर, चारी बाजू उघड्या, खाली गार निळ्या फरशा. त्या फरशा फेरेतीनेच ऑकलंडहून पाठवल्या होत्या. तिने पूर्वेला एक झाप बांधला, फरशीवर मऊ चटई टाकली, दगड डावीकडे, पाणी उजवीकडे, आणि वीण सुरू केली.

"मेलेल्या बापाला चारी बाजूंनी वारा," ती मोठ्याने म्हणाली, "आणि जित्या आईला कोंडवाडा. वा रे माझ्या लेका!"

त्या दिवसापासून ती पहाटेची प्रार्थना झाली की थडग्यावर आणि संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की खाली. झोपायला लांगीकडे. पेटीत तिने पाऊल टाकलं नाही. विणता विणता ती इओआनेशी भांडायची, तेही रस्त्यावर ऐकू जाईल असं. "तू लाडावलंस त्याला. मी म्हणत होते, जाऊ देऊ नकोस, आधी नीट बसायला तरी शिकू दे. आता बघ, उठ आणि बघ!" मग जरा थांबायची आणि म्हणायची, "तू कसला उठतोस. तू जन्मभर माझ्याच तोंडाकडे बघत बसलास."

गावाला तर पर्वणीच मिळाली. बस तिथे आली की हळू व्हायची. खिडकीतून बायका ओरडायच्या, "सिएनी, नव्या घरात जागा नाही का गं पुरत?"

"जागा पुष्कळ आहे," ती उलट ओरडायची. "माणसांसाठी नाहीये, खुर्चीसाठी आहे! या, जेवायला या!"

फेरेतीची मान वर होईना. मानकरी व्हायला आलेल्या माणसाची आई अंगणात थडग्यावर बसून विणते, यापेक्षा मोठी नालस्ती गावात नसते. सिएनीला ते माहीत होतं. तिला त्याचं वाईटही वाटत होतं, पण राग त्याहून मोठा होता, आणि तिने तो लपवला नाही. तो रोज अळूच्या पानात नारळाचं दूध घालून भाजलेली पुडी घेऊन यायचा आणि थडग्याच्या पायरीशी, तिच्यापेक्षा खाली बसायचा.

"आई, चल ना आत. लोक हसतात."

"चटईची एक वीत राहिलीय."

"ती आत बसून पुरी कर."

"आत बसले तर चटई पुरी व्हायची नाही, आणि चटई नाही तर तू मानकरी नाही. मग हसतील त्याला हसणं म्हणतात. आत्ता नुसते दात दाखवतायत."

तो उठून गेला. जाताना पुडी ठेवून गेला. तिने ती खाल्ली. चांगली झाली होती, याचाही तिला राग आला.

समारंभाला आठ दिवस राहिले तेव्हा उएले आला. उएले इओआनेचा धाकटा भाऊ, घराण्याच्या वतीने भाषण करणारा, हातात कायम काठी आणि खांद्यावर काथ्याची चवरी. त्याने आधी थडग्याजवळ येऊन भावजयीची विचारपूस केली. थडग्यावर का बसलीस असं मात्र विचारलं नाही. म्हातारा शहाणा होता.

"वहिनी, बैठक ठरवायला आलो. गावचे मानकरी कुठे बसणार, आपले कुठे, आणि पोराला कुठे टेकवायचं."

"त्यालाच विचारा भावजी. घर त्याचं आहे."

उएले दारापाशी गेला. फेरेतीने दार उघडलं. म्हाताऱ्याने उंबऱ्यावर उभं राहून आत पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली.

"खांब कुठेत?"

"आत आहेत ना, काका. भिंतीच्या आत. आतून-बाहेरून प्लाय मारलंय, एकदम सपाट झालंय."

आमच्याकडे मानकरी म्हणजे नुसता माणूस नाही, त्याच्या पाठीमागचा खांब धरून मानकरी. बैठकीत प्रत्येकाचा खांब ठरलेला असतो, बापाचा खांब मुलाकडे जातो, आणि दुसऱ्याच्या खांबाला चुकून पाठ लागली तरी वर्षभर बोलणं खावं लागतं. खांब नसेल तर माणूस टेकणार कशाला? प्लायवूडला?

"तुझ्या बापाचा खांब कोणता?"

फेरेतीने पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. तिथे खांब नव्हता, रंग होता.

उएलेने काठी उचलली आणि भिंतीवर ठोकली. पोकळ वाजलं. तो एक पाऊल सरकला, पुन्हा ठोकली. पोकळ. सिएनी थडग्यावरून ऐकत होती. तिचे हात थांबले होते. काठी सरकत गेली, पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एके ठिकाणी आवाज जड आला. उएलेने कान लावून पुन्हा ठोकलं.

"हा," तो म्हणाला. "माझ्या भावाला शोधायला मला काठी वाजवावी लागली. बारा मानकऱ्यांसमोर काय करू? आंधळ्यासारखा भिंत चाचपू?"

म्हातारा घाम पुसत बाहेर पडला आणि चालू लागला. फेरेती तिथेच उभा राहिला. मग त्याने पहार आणली.

पहिली फळी निघताना मोठा कडकडाट झाला. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. सिएनी उठली नाही, तिने "थांब" म्हटलं नाही आणि "शाब्बास"ही म्हटलं नाही. फळ्यांमागून फळ्या अंगणात येऊन पडल्या. मध्येच आत सगळं शांत झालं. बराच वेळ काही आवाज येईना, तेव्हा ती थडग्यावरून उतरली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा घरात गेली.

फेरेती बापाच्या खांबासमोर गुडघ्यांवर बसला होता. इओआने त्या खांबाला टेकून तीस वर्षं मांडीवर काथ्या वळत बसला होता. दुपारची तिची वीण आणि त्याचा काथ्या, एकमेकांकडे न बघता चाललेलं काम. पाठ घासून घासून खांबावर एक जागा काळी, गुळगुळीत, तेल लावल्यासारखी झाली होती. त्याच जागेवर प्लायवूड पक्कं बसावं म्हणून फेरेतीने खिळे मारले होते. पाच खिळे. उपटताना लाकडाच्या ढलप्या निघाल्या होत्या.

सिएनीने बोट लावून ती भोकं एकेक करून पाहिली.

"पाठीत मारलेस," ती म्हणाली.

"मला दिसलं नाही, आई. अगं, खरंच, मी बघितलंच नाही." तो रडत होता, चाळिशीचा बाप्या. "पॉलिश पेपर आणतो. भोकं भरून घासून देतो. कळणारसुद्धा नाही."

"हात लावलास तर याद राख!" सिएनी अशी ओरडली की रस्त्यावरची माणसं निघून गेली. "झाकायचं, भरायचं, सपाट करायचं, दुसरं काही येतं का तुला? राहू दे तशीच. भिंती सगळ्या काढ. सिमेंट फुटणार नसेल तर वर खडे पसर. गोल बघून आण. चपटा आणलास तर परत पाठवीन."

पुढचे सहा दिवस गावाने फेरेतीला ओहोटीच्या वेळी ओढ्याच्या तोंडाशी वाकलेलं पाहिलं. कमरेला आधार नव्हता आणि कोपर काटकोनात नव्हतं. टोपली आणून थडग्याशी ओतली की सिएनी बसल्या जागेवरूनच पाहायची. चपटे खडे ती उचलून अंगणात फेकायची, आणि तो मुकाट्याने ते गोळा करून परत न्यायचा. ती मात्र खाली उतरून तिच्या जुन्या जागी बसली नाही. शेवटची वीण तिने नवऱ्याच्या अंगावर बसूनच घातली. प्लायवूड लांगीच्या डुकरांच्या कुंपणाला गेलं, आणि चाकांच्या खुर्चीवर लांगीचा नवरा बसून कोंबड्यांना दाणे टाकतो.

समारंभाच्या सकाळी चौदा खांब उघडे होते. सगळे झाप वर होते. बारा मानकरी आपापल्या खांबाला टेकले. बायकांनी चटई चारी टोकांना धरून बाहेर आणली, उन्हात ती एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत चमकली, आणि गावाने रिवाजाप्रमाणे ओरडून तिला दाद दिली. उएलेने काठीवर रेलून घराण्याची नावं घेतली. शेवटी लेआवासा हे नाव घेतलं आणि फेरेतीकडे हात केला. मग आवा, मुळी कुटून केलेलं मानाचं पेय, वाटीतून फिरला. फेरेतीने वाटी तोंडाला लावली, आणि बापाच्या खांबाला पाठ टेकली.

उघड्या पाठीला निघालेल्या ढलप्यांच्या कडा लागल्या असाव्यात. तो किंचित पुढे झाला. मग पुन्हा मागे टेकला, नीट, पूर्ण.

जेवणं झाली, पाहुणे उठले, तरी तो बसून होता. सिएनी डुकराच्या मांसाचं ताट घेऊन आली. आता तो मानकरी होता, म्हणून ती त्याच्यापेक्षा खाली, खड्यांवर बसली. ताट पुढे सरकवताना तिने हळूच विचारलं,

"टोचतंय?"

"टोचतंय, आई."

"टोचू दे," सिएनी म्हणाली, आणि मांडीखाली आलेला एक चपटा खडा काढून तिने अंगणात भिरकावला.